कुजबुजीत अडकलेली लस

गोवर, धनुर्वात, पोलिओ, कावीळ यांच्या लशींबद्दल आपल्याकडचे आईबाप मोकळेपणाने बोलतात. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ‘तुमच्या बाळाला टोचल्यावर ताप आला होता का हो?’ असे विचारायला कुणाला संकोच वाटत नाही. एका लशीचे मात्र तसे नाही. तिच्याबद्दल मला आजवर जे जे विचारले गेले ते जिन्यात, लग्नाच्या पंगतीत पान मांडून होईपर्यंतच्या वेळात किंवा फोनवर, आणि तेही मुलगी क्लासला गेलेली असताना. ही लस आहे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूवरची. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग टाळण्यासाठी नऊ ते चौदा या वयातल्या मुलींना ती द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या लसीकरणविषयक राष्ट्रीय सल्लागार गटाने २०२२ मध्ये तशीच शिफारस केली आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी या वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. तेव्हापासून ही कुजबुज वाढली आहे.

आरोग्याविषयी मी बरीच वर्षे लिहिते आहे. त्यामुळे ओळखीपाळखीतली माणसे डॉक्टरकडे जाण्याआधी, आणि बरेचदा जाऊन आल्यानंतर, मला विचारतात. डोंबिवलीचे एक गृहस्थ, बँकेत अधिकारी, म्हणाले, ‘लस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण बारा वर्षांच्या पोरीला ही कशासाठी? आमच्या घरात तसलं काही नाही.’ कोल्हापूरच्या एका शिक्षिकेची अडचण वेगळी होती. ‘ताई, तिनं विचारलं, ही कशाची लस, तर मी काय सांगू?’ तिसऱ्या एका आईला कुणीतरी सांगितले होते की पुढे मूल होण्यात अडचण येते. आणि एका मामांनी, भाचीच्या काळजीपोटीच, ठणकावून विचारले, ‘आंध्रात मुली दगावल्या होत्या ना? परदेशी कंपन्यांना प्रयोगाला आपल्याच मुली सापडतात?’

या प्रश्नांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याची आपल्या वैद्यकीय मंडळींना सवय आहे. मला ते पटत नाही. यातला एकही प्रश्न मूर्खपणाचा नाही. दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत, एकाचे अवघड आहे आणि एकात आपल्या सरकारी कारभाराची लाज वाटावी असा इतिहास दडलेला आहे. सोपे आधी घेऊ या म्हटले तरी मुळात हा आजार काय आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा भारतीय बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळणारा कर्करोग. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो झाला आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्याने गेल्या. हिशेब मांडला तर दर सात मिनिटांना एक. जगात या आजाराने मरणाऱ्या दर पाच बायकांमध्ये एक तरी भारतातली असते. म्हातारपणचे हे दुखणे नव्हे; चाळिशी-पन्नाशीतल्या, मुले अजून मार्गी लागायची असलेल्या बायकांना ते गाठते. सुरुवातीला काही दुखत नाही. अंगावरून पांढरे जाते ते अशक्तपणाचे म्हणून सोडून दिले जाते. पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसू लागले तरी चार महिने कुणाला सांगितले जात नाही, कारण सांगायचे कुणाला? मुलाला? मग जिल्ह्याच्या गावी, तिथून सोलापूर किंवा मुंबई, आणि तिथे ‘उशीर झाला’ हे दोन शब्द.

आपल्या महाराष्ट्राला या आजाराची ओळख नवी नाही. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली ती बार्शीला. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांनी नोंदी केल्या तेव्हा बायकांच्या कर्करोगांत हाच सर्वांत वर निघाला. पुढे त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच का होईना, या विषाणूची चाचणी करून लगेच उपचार केले तर पुढच्या आठ वर्षांतले मृत्यू निम्म्याने कमी होतात, हे त्यातून निघाले. २००९ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांनी जगाच्या वैद्यकशास्त्राला दिलेली ही शिकवण आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र कुठे दिसत नाही.

हा कर्करोग विषाणूमुळे होतो, हे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला एचपीव्हीचा सोळावा प्रकार आणि पाठोपाठ अठरावा प्रकार या गाठींमध्ये सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या विषाणूचे शेकड्याने प्रकार आहेत. काहींमुळे नुसत्या चामखिळी होतात, पण सोळा आणि अठरा हे दोघे मिळून जगातल्या या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना जबाबदार आहेत. शरीरसंबंधातून, त्या भागातल्या त्वचेच्या स्पर्शातून तो पसरतो. निरोधने धोका कमी होतो, टळत नाही. संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही, कारण शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. काही थोड्या बायकांमध्ये तो ठाण मांडून बसतो. मग पंधरा-वीस वर्षे आतल्या आत पेशी बदलत राहतात आणि एक दिवस गाठ होते.

लशीत हा विषाणू नसतो, मेलेला किंवा अर्धमेलाही नाही. त्याच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन तेवढे प्रयोगशाळेत तयार केलेले असते. आत काही नाही; नारळाची नुसती करवंटी समजा. शरीराला ओळख पटावी एवढेच तिचे काम. पण एकदा विषाणू शरीरात शिरला की ही लस त्याला बाहेर काढू शकत नाही. ती आधीच द्यावी लागते. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीर तिला जो प्रतिसाद देते तो पंचविशीतल्यापेक्षा जोरदार असतो. ‘इतक्या लहान वयात का’ याचे उत्तर एवढेच. पावसाळा सुरू झाल्यावर कौले चाळायला कुणी चढत नाही.

आता अवघड प्रश्न. ‘आमच्या घरात तसलं काही नाही.’

हे वाक्य बोलणाऱ्या बापाच्या मनात काय असते, ते मला कळते. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूची लस बारा वर्षांच्या मुलीला द्यायची म्हणजे तिच्याबद्दल आपण काहीतरी गृहीत धरतो, एका अर्थी परवानगीच देतो, असे त्याला वाटते. त्याला वाटणारी भीती खोटी नाही. पण ती लशीला लागू होत नाही. समजा, त्याची मुलगी अगदी त्याच्या मनासारखी वाढली. शिकली, घरच्यांनी पाहून दिलेल्या मुलाशी बाविसाव्या वर्षी लग्न केले, आणि आयुष्यात तिने दुसऱ्या पुरुषाकडे मान वर करून पाहिले नाही. तरीही तिला हा विषाणू होऊ शकतो. तो नवऱ्याकडून येतो. नवऱ्याचा पूर्वायुष्यातला एक संबंध त्याला पुरेसा असतो आणि त्या नवऱ्यालाही त्याची कल्पना नसते. बार्शी-परांड्याच्या नोंदवहीत ज्या बायकांची नावे गेली त्यांतल्या बहुतेक घुंगटातल्या नसल्या तरी डोक्यावर पदर घेतलेल्या, एका नवऱ्याशी एकनिष्ठ राहिलेल्या संसारी बायका होत्या. त्यांच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवावे? हा आजार मुलीच्या वागण्याची शिक्षा आहे, ही समजूत जितकी लवकर जाईल तितके बरे.

आणि एक गंमत पाहा. हेपटायटिस बी ही कावीळही शरीरसंबंधातून पसरते. आईकडून बाळाला, रक्तातून, सुईतून पसरते तशी याही वाटेने पसरते. तिची लस आपण जन्मल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत देतो. बाळाच्या भावी चारित्र्याबद्दल त्या वेळी कुणालाही शंका येत नाही. रुबेलाची लस मुलीला देतो ती तिच्या पोटी पुढे येणाऱ्या बाळासाठी. तिथेही आपण तिच्या बाळंतपणाचा विचार नवव्या महिन्यातच केलेला असतो. तेव्हा अडचण लशीची नाही, तिच्याबरोबर आलेल्या माहितीची आहे. ही लस बाजारात आली तेव्हा अमेरिकेतही हाच वाद झाला होता. टेक्सास राज्याच्या गव्हर्नरने २००७ मध्ये ती सक्तीची केली आणि तिथल्या विधिमंडळाने ते उलथवून लावले. म्हणजे डोंबिवलीचे गृहस्थ एकटे नाहीत.

लस दिल्याने मुली बिघडतात का, हे लोकांनी मोजूनही पाहिले आहे. अटलांटा शहरात अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १,४०० मुलींच्या दवाखान्यातल्या नोंदी तीन वर्षांपर्यंत तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत गरोदरपणाच्या किंवा गुप्तरोगाच्या तपासण्यांचे प्रमाण सारखेच निघाले. तो अभ्यास २०१२ चा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळांमधून लस सुरू झाली त्याच्या आधीची आणि नंतरची मिळून जवळजवळ तीन लाख शाळकरी मुलींची उत्तरे पाहिली, तर शरीरसंबंध आलेल्या मुलींचे प्रमाण त्या काळात वाढलेले नव्हते, थोडे कमीच झालेले होते. या परदेशातल्या मुली आहेत, हे खरे. पण दंडावर टोचलेल्या सुईने मुलीची अक्कल किंवा आईबापांचे वळण पुसले जात असते, तर ते तिथे आधी दिसले असते.

आपल्याकडे दुसरी बाजूही आहे, ती शहरी वाचकांच्या नजरेआड राहते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुलगी एकटी मागे कशी ठेवायची म्हणून पंधराव्या वर्षी तिचे हात पिवळे केले जातात. ‘इतक्या लहान वयात कशाला’ हा प्रश्न आपण लशीबद्दल विचारतो. तो लग्नाबद्दल विचारला जात नाही तोवर त्या मुलीसाठी नऊ ते चौदा हेच वय उरते.

र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले ते १९२७ मध्ये. कामजीवनाबद्दल सरळ मराठीत लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. त्यानंतर सत्तराहून अधिक वर्षे गेली आणि २००७ मध्ये याच महाराष्ट्राने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम आमदारांच्या ओरडीपुढे बंद केला. तेव्हा कोल्हापूरच्या शिक्षिकेला आपल्या मुलीपुढे शब्द सापडत नाहीत यात तिचा काय दोष? तिला स्वतःला ते कुणी शिकवलेच नाहीत. मी तिला म्हटले, दहा वर्षांच्या मुलीला एवढेच सांगा की मोठेपणी बायकांना पोटात एक कॅन्सर होतो, तो होऊ नये म्हणून ही लस. हे खोटे नाही आणि त्या वयाला पुरेसे आहे. चौदा वर्षांची असेल तर तो कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू लग्नानंतरच्या संबंधातून येऊ शकतो, हेही सांगा. तिला तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त माहीत असते आणि त्यातले अर्धे चुकीचे असते. ‘लग्नानंतरच्या’ हा शब्द मी तिच्या सोयीसाठी घातला, हे ओळखून ती हसली.

आता आंध्र. या प्रकरणाबद्दल जे सांगितले जाते त्यातले निम्मे खरे नाही, आणि जे खरे आहे ते पुरेसे सांगितले जात नाही.

२००९ च्या जुलैत ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि त्या त्या राज्य सरकारांच्या साथीने, आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात ही लस देऊन पाहण्याचा प्रकल्प सुरू केला. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा, लस कंपन्यांनी दिलेली. खम्मममध्ये सुमारे १४ हजार आणि बडोद्यात सुमारे १० हजार मुलींना ती टोचली गेली. खम्मम म्हणजे भद्राचलमच्या बाजूचा आदिवासी भाग. पुष्कळ मुली सरकारी वसतिगृहांत राहणाऱ्या. पुढच्या काही महिन्यांत यातल्या सात मुली मरण पावल्या, पाच आंध्रात आणि दोन गुजरातेत. स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या संघटनांनी गावांत जाऊन चौकशी केली, आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला.

त्या मृत्यूंची चौकशी झाली. कुणी विहिरीत बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणी विषारी औषध प्यायली होती, कुणी मलेरियाने गेली होती. लशीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि कारणे पाहता तो मला पटतो. चौदा हजार गरीब मुली असलेल्या कोणत्याही आदिवासी भागात वर्षभर वही घेऊन बसलात तर असेच मृत्यू नोंदवावे लागतील. ते आपल्याला एरवी दिसत नाहीत, त्या वर्षी दिसले. पण चौकशीत दुसरेही काही निघाले. शेकडो मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांची सही किंवा अंगठा नव्हताच. वसतिगृहाच्या वॉर्डनने, मुख्याध्यापकाने सह्या केल्या होत्या. मुलींना कशाची लस आहे ते धड सांगितले नव्हते, आणि नंतर काही त्रास झाला तर त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था कच्ची होती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात यावर फार कडक शब्दांत ताशेरे ओढले. लशीने मुली मेल्या नाहीत म्हणून हा दोष धुऊन निघत नाही. डोंबिवलीच्या बापाला ‘कशासाठी’ असे विचारता आले. भद्राचलमच्या बापाला कुणी विचारू दिले नाही. मामांच्या ठणकावण्यातला खरा भाग तो आहे, आणि आरोग्य खात्यातल्या माणसांनी तो अजून नीट कबूल केलेला नाही, असे माझे मत आहे.

या कथेला एक विलक्षण शेपूट आहे. एप्रिल २०१० च्या त्याच आदेशाने लशीचा आणखी एक अभ्यास मधेच थांबला. तो आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा होता. देशभरातल्या केंद्रांमध्ये मुंबई, पुणे आणि आपली बार्शीही होती. तीन डोस लागतात की दोन पुरतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या, साडेसतरा हजारांहून अधिक घेऊन झाल्या होत्या. आदेश आला तेव्हा कुणाचे तीन झाले होते, कुणाचे दोन, आणि हजारो मुलींचा एकच. संशोधकांनी या मुलींना सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांच्या तपासण्या चालू ठेवल्या. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष छापला गेला: सोळा आणि अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन-तीन डोसांइतकेच, संरक्षण मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे जाहीर केले, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. ज्या मुलींचे लसीकरण अर्धवट राहिले त्यांच्यामुळे जगातल्या गरीब देशांचा खर्च कमी झाला.

एक डॉक्टर एक डोस सांगतो, दुसरा दोन, यामुळे लोक गोंधळतात, त्याचे कारणही हेच. बाजारातल्या लशींच्या माहितीपत्रकावर चौदापर्यंतच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि त्यापुढे तीन असे छापलेले असते. खासगी डॉक्टर त्याप्रमाणे जातात. जागतिक आरोग्य संघटना विसाव्या वर्षापर्यंत एक किंवा दोन म्हणते. दोघांपैकी कुणी फसवत नाही. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलीला मात्र एकावर भागत नाही.

मूल होण्यात अडचण येते हे मात्र साफ चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने २०१७ मध्ये आढावा घेतला तेव्हाच जगात २७ कोटींहून अधिक डोस वाटले गेले होते. वंध्यत्वाशी कोणताही संबंध आढळला नाही. गंभीर ॲलर्जी दहा लाखांत एक-दोघींना होते, म्हणून ती दवाखान्यातच घ्यावी. दंड दुखतो, सुजतो, एखादी कणकण येते. मुली चक्कर येऊन पडतात, हेही खरे. पण या वयात कोणत्याही सुईने ते होते, आणि म्हणूनच टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवायचे असते. पल्स पोलिओच्या वेळीही थेंबांनी मुले नपुंसक होतात अशी आवई उठली होती. त्या वेळची बाळे आज आपापल्या मुलांना घेऊन लसीकरणाच्या रांगेत उभी असतात.

भीतीची किंमत काय असते, हे पाहायचे तर जपानकडे पाहावे. तिथे एप्रिल २०१३ मध्ये ही लस नियमित कार्यक्रमात आली. काही मुलींना अंगदुखी, चालताना त्रास होऊ लागल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर झळकली आणि जूनमध्ये सरकारने शिफारस मागे घेतली. ७० टक्क्यांच्या आसपास असलेले लसीकरण एक टक्क्याच्याही खाली गेले. नागोया शहराने तीसेक हजार मुलींना विचारून चोवीस तक्रारींची पडताळणी केली. लस घेतलेल्यांत त्या अधिक आढळल्या नाहीत. मुलींचा त्रास खरा होता, त्याचे कारण लस नव्हते. तरी सरकारला मागे फिरायला २०२२ उजाडले. मधल्या काळात लस हुकलेल्या मुलींमधून पुढे पाच हजारांच्या वर मृत्यू होतील, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याच काळात स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२० मध्ये दिसले. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये या कर्करोगाची एकही नोंद झाली नसल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि परदेशच कशाला, आपल्या सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून सुमारे २५ हजार मुलींना लस दिली, ९५ टक्क्यांहून अधिक मुलींना. तिथे आधी शिक्षकांना आणि पालकांना बोलावून समजावून सांगितले होते. खम्मम आणि सिक्कीम यांत फरक आहे तो इथे.

पैशाबद्दल थोडे. सुरुवातीची बरीच वर्षे ही लस दोनच परदेशी कंपन्यांची होती आणि मध्यमवर्गालाही जड जाईल अशी तिची किंमत होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती चार प्रकारांवर चालते आणि तुलनेने स्वस्त आहे. नऊ प्रकारांवरची परदेशी लस कितीतरी महाग. सोळा आणि अठरा दोन्हींत आहेत, त्यामुळे महागडी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. सरकारी मोहिमेत मिळत असेल तर ती फुकटची म्हणून हलकी समजायचेही कारण नाही.

मुलग्यांचे काय, असे मला अजून कुणी विचारलेले नाही, हे नोंदवून ठेवते. पुरुषांना या विषाणूने घशाचे आणि लिंगाचे कर्करोग होतात. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून शाळांत मुलग्यांनाही लस द्यायला सुरुवात केली. लस मोजकीच असेल तर ती आधी मुलींना, हा जागतिक आरोग्य संघटनेचा क्रम मला मान्य आहे. पण विषाणू घरी आणणारा बहुधा मुलगा आणि चारित्र्याची चर्चा मुलीच्या, याची थोडी तरी नोंद आईबापांनी घ्यावी.

शेवटची गोष्ट आयांसाठी. ‘कॅन्सर’ या शब्दाची भीती घालून आपल्याकडे बायकांना लुबाडले गेले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिकजणींची गर्भाशये काढलेली निघाली, आणि कित्येकींना ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असेच सांगितले गेले होते. अशा बाईने उद्या लशीबद्दल शंका घेतली तर तिला व्याख्यान देऊ नये, तिच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आणि तिला हेही सांगावे की लस मुलीसाठी आहे, तिच्या स्वतःसाठी तपासणी आहे. मुलीलाही लस घेऊन पुढे तिशीनंतर तपासणी चुकत नाही, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, दहा मिनिटांचे काम. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी साध्या शिकवलेल्या कार्यकर्त्यांकडून ती करून घेऊन मृत्यू ३१ टक्क्यांनी खाली आणले होते. २०१९ ते २०२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती बायकांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केली, हे विचारले होते. देशभरात शंभरात दोनही भरल्या नाहीत. मुलीला लस टोचून झाल्यावर दवाखान्यात पंधरा मिनिटे बसायचे असतेच. त्या वेळात आईने स्वतःच्या तपासणीचा वार विचारून घ्यावा.